दहा मीटर एअर रायफल : गुण वाढवावेत कसे आणि पैसे वाचवावेत कुठे

बेदाण्याची पट्टी, म्हणजे विक्रीचे पैसे, हातात आली की तासगाव-मिरज भागातले एक-दोन पालक दरवर्षी मला तोच प्रश्न विचारतात. यंदा दहावीतल्या एका मुलीचे वडील रेंजवर आले आणि दारात चपला काढता काढता म्हणाले, "सर, औंदा पट्टी बरी आलीया. पोरीला जर्मन गन घिऊन टाकू का? क्लबच्या गननं मार्क अडकल्यात म्हणती." उत्तर देण्याआधी मी तिचे त्या सकाळचे लक्ष्याचे कार्ड खिडकीच्या उजेडात धरले. दहा छिद्रे वर-खाली जेमतेम आठ मिलिमीटरमध्ये बसली होती, पण डावी-उजवीकडे मात्र बावीस मिलिमीटरपर्यंत पसरली होती. गनमध्ये किंवा छर्‍यात दोष असता तर छिद्रे सगळ्या बाजूंना सारखीच विखुरली असती. आडवी पसरलेली छिद्रे बहुतेक वेळा पायांची तक्रार सांगतात. तिचा मागचा पाय बोटभर मागे घ्यायला लावला, पाच मिनिटे बिनछर्‍याचा नेम धरायला लावला आणि मग पुन्हा दहा शॉट मारायला दिले. आडवा पसारा चौदा मिलिमीटरवर आला. वडिलांनी दोन्ही कार्डे एकावर एक ठेवून पाहिली आणि त्या दिवशी गनचा विषय काढला नाही.

या खेळात कोणता गुण पैशाने मिळतो आणि कोणता मिळत नाही, हे आधी ओळखले तर सामान्य घरातल्या मुलालाही तो परवडतो. पुढे जो क्रम दिला आहे तो सरावाचा आहे आणि खरेदीचाही आहे.

लक्ष्याचे गणित

दहा मीटरच्या लक्ष्यावरचा काळा गोल ३०.५ मिलिमीटर व्यासाचा असतो आणि मधला दहाचा ठिपका अवघा ०.५ मिलिमीटरचा, म्हणजे मोहरीच्या दाण्यापेक्षाही बराच लहान असतो. नवख्याला हे अशक्य वाटते. परंतु छर्रा ४.५ मिलिमीटर रुंद असतो आणि त्याची कड ठिपक्याला नुसती शिवली तरी दहा गुण मिळतात. याचा अर्थ असा की छर्‍याचे केंद्र लक्ष्याच्या केंद्रापासून २.५ मिलिमीटरच्या आत पडले की दहा झाले. दशांश गुणांकनात तिथून दर पाव मिलिमीटर आत गेल्यावर ०.१ गुण वाढतो आणि केंद्रापासून पाव मिलिमीटरच्या आत पडलेल्या शॉटला १०.९ मिळतात. साठ शॉटच्या सामन्यात त्यामुळे कमाल गुण ६५४ होतात. पूर्वी मुलींना चाळीस शॉट असत. २०१८ पासून मुलगे-मुली दोघांनाही साठच आहेत.

आता हेच अंतर गनवर आणून पाहावे. नेम धरण्यासाठी डोळ्याजवळ असलेली बारीक भोकाची पीप साइट आणि नळीच्या टोकाकडची फोरसाइट यांच्यात सुमारे ८० सेंटीमीटर अंतर धरले, तर लक्ष्यावरच्या २.५ मिलिमीटरसाठी फोरसाइट फक्त ०.२ मिलिमीटर हलावी लागते. वहीची दोन पाने एकत्र धरली की साधारण एवढी जाडी होते. एवढ्याशा हालचालीवर हाताच्या ताकदीने ताबा मिळत नाही. शरीर हाडांवर तोलून, स्नायू सैल ठेवून आणि प्रत्येक वेळी तीच गोष्ट त्याच रीतीने करून तो मिळवावा लागतो.

कुठला खर्च कधी लागू पडतो

नेमबाजाचा पसारा आणि छर्‍याचा पसारा या दोन स्वतंत्र चुका आहेत. त्यांची साधी बेरीज होत नाही. पायथागोरसच्या काटकोन त्रिकोणाप्रमाणे दोघांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ घ्यावे लागते. समजा, मुलाच्या हाताचा पसारा २० मिलिमीटर आहे, स्वस्त छर्‍याचा ६ आणि सामन्याच्या महागड्या छर्‍याचा २ मिलिमीटर आहे. स्वस्त छर्‍याने एकूण पसारा सुमारे २०.९ होईल आणि महागड्याने २०.१ होईल. दुप्पट-तिप्पट पैसे मोजून मिळाले ते इतकेच. तोच मुलगा दोन वर्षांनी ८ मिलिमीटरवर आला, तर स्वस्त छर्‍याने पसारा १० आणि महागड्याने ८.२५ होईल, आणि तेव्हा हा फरक निकालपत्रकात दिसू लागेल. गनलाही हाच नियम लागू आहे. म्हणून माझ्याकडे येणार्‍यांना मी सांगतो की, दहा शॉटचा ग्रुप, म्हणजे छिद्रांचा पुंजका, सलग तीन आठवडे बारा मिलिमीटरच्या आत येईपर्यंत क्लबची गन आणि क्लबचेच छर्रे वापरावेत. पालकांना हे पटवणे मुलांना पटवण्यापेक्षा अवघड जाते, हा माझा अनुभव आहे.

ग्रुप मोजताना सर्वांत दूरच्या दोन छिद्रांच्या बाहेरच्या कडांमधले अंतर घ्यावे आणि त्यातून ४.५ वजा करावे, म्हणजे केंद्रापासून केंद्रापर्यंतचा खरा पसारा कळतो. साधा कागद फाटतो आणि छिद्राची कड समजत नाही. यासाठी जाड कार्डच वापरावे. तिथली काटकसर अंगाशी येते.

कोरडा सराव : जिथे पैसे लागत नाहीत

छर्रा न भरता पूर्ण शॉट घेण्याला आम्ही कोरडा सराव म्हणतो. सामन्याच्या दाबहवेच्या गनमध्ये त्यासाठी वेगळी सोय असते, ती चालू केली की ट्रिगर नेहमीसारखाच सुटतो पण हवा खर्च होत नाही. मात्र नळी मोडून भरायच्या स्प्रिंगच्या गनवर हा सराव कधीही करू नये. पुढे छर्‍याचा अडसर नसला की आतला पिस्टन नळकांड्याच्या टोकावर आदळतो, आणि काही दिवसांत सील व स्प्रिंग दोन्ही जातात. स्प्रिंगची गन असलेल्याने गन ताणू नये. नुसता नेम धरण्याचा आणि गन खाली घेण्याचा सराव करावा, तोही पुष्कळ उपयोगी पडतो.

सांगलीतल्या फ्लॅटच्या हॉलमध्ये दहा मीटर मिळत नाहीत आणि मिळायची गरजही नाही. पाच मीटर जागा असेल तर काळा गोल निम्म्या व्यासाचा, म्हणजे सव्वापंधरा मिलिमीटरचा काढून भिंतीवर लावावा. रेंजवर लक्ष्याचे केंद्र जमिनीपासून १.४० मीटरवर असते. त्यामुळे निम्म्या अंतरावर ते आपल्या डोळ्याची उंची आणि १.४० मीटर यांच्या बरोबर मध्यावर असले पाहिजे, नाहीतर शरीराला चुकीच्या कोनाची सवय लागते. सुरुवात करण्यापूर्वी छर्‍यांचा डबा दुसर्‍या खोलीत ठेवावा, नळी रिकामी असल्याची स्वतः खात्री करावी आणि ज्या भिंतीकडे गन रोखायची तिच्या बाजूचे दार आतून लावून घ्यावे. घरातली लहान भावंडे नेमकी त्याच वेळी पाणी प्यायला उठतात.

तीस मिनिटांच्या सत्रात पहिली दहा मिनिटे कोर्‍या भिंतीवर शॉट घ्यावेत. काळा गोल समोर नसला की डोळा फोरसाइटवर थांबतो, आणि ट्रिगर सुटताना गन कुठे झटका घेते ते स्पष्ट दिसते. पुढची पंधरा मिनिटे लक्ष्यावर वीसेक शॉट घ्यावेत, यापेक्षा जास्त नकोत. शेवटची पाच मिनिटे नुसती गन धरून उभे राहावे.

हिशेब करून पाहण्यासारखा आहे. आठवड्यातून तीन दिवस साठ-साठ शॉट मारणार्‍याचे १८० छर्रे जातात आणि ५०० छर्‍यांचा डबा तीन आठवडेही पुरत नाही. वर्षाला जवळजवळ १९ डबे लागतात. तीन दिवस घरी कोरडा सराव आणि दोन दिवस रेंजवर मोजून चाळीस शॉट अशी आखणी केली, तर आठवड्याला ८० छर्रे लागतात, डबा सहा आठवडे जातो आणि वर्ष नऊ डब्यांत निघते. गेली काही वर्षे मी दोन्ही पद्धतींची मुले पाहतो आहे. माझ्या वहीत तरी दुसर्‍या पद्धतीच्या मुलांची प्रगती अधिक आहे, कारण जिथे छर्रे मोजून मिळतात तिथे प्रत्येक शॉटचा विचार होतो.

एक शॉट, पायापासून शेवटपर्यंत

उजव्या हाताने मारणार्‍याने डावी बाजू लक्ष्याकडे करून, पाय साधारण खांद्याइतके अंतर ठेवून उभे राहावे. डावे कोपर बरगड्यांवर किंवा कमरेच्या हाडावर टेकावे, म्हणजे गनचे वजन हाडांवरून सरळ डाव्या पायात उतरते. नियमाप्रमाणे रायफल ५.५ किलोपर्यंत असू शकते. एवढे वजन दंडाने पेलायचे ठरवले तर विसाव्या शॉटला हात थरथरू लागतो. लहान हातांच्या मुलांनी मूठ वळून किंवा बोटे उभी करून गनची उंची जुळवून घ्यावी. त्यासाठी मान खाली झुकवू नये. दस्त्याचा गालपट्टा मानेच्या उंचीला आणावा, मान गालपट्ट्याकडे नेऊ नये.

यानंतरची पायरी सर्वांत महत्त्वाची असूनही सर्वांत जास्त टाळली जाते, ती म्हणजे शरीराचा स्वाभाविक रोख तपासण्याची. नेम धरून डोळे मिटावेत, दोनदा सावकाश श्वास सोडून खांदे सैल करावेत आणि मग डोळे उघडावेत. फोरसाइट काळ्या गोलापासून उजवीकडे किंवा डावीकडे गेलेली दिसली, तर हाताने ती ओढून आणू नये. मागचा पाय थोडा सरकवून संपूर्ण शरीरच फिरवावे. वर-खाली फरक दिसला तर हाताच्या टेकूची जागा किंवा गालपट्ट्याची उंची बदलावी. हाताने ओढून आणलेला नेम ट्रिगर सुटताच आपल्या मूळ जागी परततो, आणि त्यातूनच आडवी पसरलेली छिद्रे तयार होतात. दर दहा शॉटनंतर ही तपासणी पुन्हा करावी, कारण पाय नकळत सरकत असतात.

श्वास अर्धा सोडून थांबावे. नेम स्थिरावल्यापासून चार ते सहा सेकंदांत शॉट गेला पाहिजे. आठ सेकंद उलटले की डोळा मागचेच चित्र पुढे दाखवत राहतो आणि स्नायूंचा कंप वाढतो. अशा वेळी गन खाली घ्यावी. गन खाली घेण्यात मुलांना कमीपणा वाटतो, परंतु वेळ भरपूर असतो. इलेक्ट्रॉनिक लक्ष्यावर साठ शॉटसाठी ७५ मिनिटे मिळतात, म्हणजे एका शॉटला सव्वा मिनिट पडते.

ट्रिगरला दोन टप्पे असतात. पहिला टप्पा नेम काळ्या गोलात उतरत असतानाच पूर्ण घ्यावा आणि दुसर्‍यावर बोट आधीच टेकलेले असावे. बोटाच्या पहिल्या पेराची गादी सरळ मागे यावी, बाकीच्या बोटांची पकड बदलू नये. फोरसाइट ठिपक्यावरून जाईल तेव्हा नेमका झटका द्यायचा, असा प्रयत्न बहुतेक मुले करतात आणि तिथेच आठ लागतो. नेम थोडा डुलणारच. तो डुलत असताना दाब हळूहळू वाढवत न्यायचा असतो.

शॉट सुटल्यानंतरचे दोन सेकंदही शॉटचाच भाग असतात. सामन्याच्या गनमधून छर्रा सेकंदाला सुमारे १७० मीटर वेगाने निघतो, म्हणजे तो नळीत असतानाच झालेली हालचाल त्याच्याबरोबर लक्ष्यापर्यंत जाते. म्हणून गन, गाल आणि बोट जागच्या जागी ठेवावे आणि पडद्याकडे न पाहता शॉट कुठे गेला ते मनात म्हणावे, उदाहरणार्थ "नऊ, तीन वाजता", म्हणजे घड्याळात तीनचा आकडा असतो त्या बाजूला नऊ. मगच पडदा पाहावा. मनातली जागा आणि खरी जागा जुळू लागली की साइट फिरवण्याचा अधिकार मिळाला असे समजावे. त्याआधी प्रत्येक नऊनंतर साइटचे स्क्रू फिरवणारा नेमबाज स्वतःच्या चुकांच्या मागे धावत असतो.

काळा गोल जिच्या मधोमध धरायचा असतो त्या फोरसाइटमधल्या रिंगबद्दल थोडे सांगितले पाहिजे, कारण ही खेळातली सर्वांत स्वस्त सुधारणा आहे. डोळ्यापासून सुमारे ९० सेंटीमीटरवर असलेल्या फोरसाइटमध्ये लक्ष्याचा काळा गोल अंदाजे २.७ मिलिमीटरचा दिसतो. रिंग ३.२ मिलिमीटरची घेतली तर भोवती पांढरी कड फारच बारीक उरते, नेमबाज गोल मध्यभागी आणण्यासाठी धडपडतो आणि ट्रिगर विसरतो. नवख्याने ४.० ते ४.२ पासून सुरुवात करावी.

छर्रे निवडणे आणि सांभाळणे

सामन्याचा छर्रा सपाट डोक्याचा आणि साधारण ०.५३ ग्रॅम वजनाचा असतो. डोक्याचा व्यास ४.४८ ते ४.५२ मिलिमीटरपर्यंत वेगवेगळा मिळतो. कोणत्या नळीला कोणता व्यास चालेल हे डब्यावरून कळत नाही, ते मारूनच पाहावे लागते. चार-पाच जणांनी मिळून वेगवेगळ्या व्यासांचा एकेक डबा घ्यावा, गन टेबलावर शिकंज्यात घट्ट बसवावी आणि प्रत्येक व्यासाचे दहा-दहा शॉटचे तीन ग्रुप काढावेत. एकाच ग्रुपवर निर्णय घेऊ नये, योगायोगाने एखादा ग्रुप सुरेख येतोच. ज्याच्या गनला जो व्यास मानवेल त्याचे उरलेले छर्रे त्याने घ्यावेत. मग त्याच बॅच क्रमांकाचे दोन-तीन डबे सामन्यांसाठी बाजूला ठेवावेत आणि रोजच्या सरावासाठी स्वस्त छर्रे वापरावेत.

काही जण प्रत्येक छर्रा तोलून वेगळा करतात. मीही एकदा सराफ कट्ट्यावरच्या ओळखीच्या पेढीवर मिलिग्रॅमपर्यंत दाखवणार्‍या काट्यावर शंभर छर्रे तोलले होते. चांगल्या डब्यातले बहुतेक छर्रे इतके सारखे निघाले की दुपार वाया गेल्याचे वाईट वाटले. स्वस्त डब्यातले मात्र बरेच इकडे-तिकडे होते. तोलण्यापेक्षा पांढर्‍या कागदावर पसरून मागची पातळ कड वाकलेले छर्रे वेचून काढणे जास्त फायद्याचे आहे. ही कड फार नाजूक असते. माझ्या स्वतःच्या हलगर्जीपणाचे उदाहरण देतो. एक नवा डबा स्कूटरच्या डिकीत टाकून मी तासगाव रस्त्याने गेलो होतो. खड्ड्यांतून हादरत गेलेल्या त्या डब्यातले छर्रे एकमेकांवर घासून शिशाची काळी पूड झाली होती, आणि पुढच्या आठवड्यात कारण नसताना आठ लागू लागले तेव्हा ते लक्षात आले. आता डब्याच्या झाकणाखाली फोमचा तुकडा घालतो आणि डबा हातातल्या पिशवीत ठेवतो.

छर्रे शिशाचे असतात, म्हणून सरावानंतर साबणाने हात धुतल्याशिवाय जेवणाच्या डब्याला हात लावू नये. छर्रे तोंडात धरायची काही मुलांची सवय पहिल्याच दिवशी मोडावी. आठवड्याला ८० शॉट मारणारा वर्षभरात दोन किलोहून थोडे अधिक शिसे लक्ष्यामागच्या पेटीत सोडतो. ते गोळा करून भंगारात देता येते. पेटी झाडताना उडणारी पूड नाकात जाऊ नये म्हणून ओल्या फडक्याने पुसावे.

कपडे, गन आणि हवेची टाकी

खरेदीचा क्रम माझ्या मते असा असावा : पहिल्या सहा महिन्यांत सपाट तळाचे बूट आणि डाव्या हाताचा मोजा घ्यावा, त्यानंतर जॅकेट व पँट, आणि सर्वांत शेवटी गन. जॅकेट पाठीच्या कण्याला आधार देते, त्यामुळे त्याचा परिणाम गनपेक्षा लवकर दिसतो. वाढत्या वयाच्या मुलाला नवे शिवून देण्याऐवजी क्लबमधल्या मोठ्या मुलाचे जुने घ्यावे आणि बटणे सरकवून घ्यावीत. कापडाची जाडी एकेरी २.५ मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही, आणि कडकपणाचीही तपासणी होते, म्हणून घेण्याआधी मोजून पाहावे. शालेय स्पर्धांत ओपन साइट एअर रायफलचा वेगळा प्रकार असतो. ज्यांना एवढा खर्च झेपत नाही त्यांनी साध्या गनवर तिथून सुरुवात करण्यात काहीच कमीपणा नाही.

सामन्याच्या एअर रायफलची ऊर्जा आठ ज्यूलपेक्षाही कमी भरते. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार २० ज्यूलपर्यंतच्या आणि ०.१७७ इंचापर्यंत व्यासाच्या एअर गनला परवाना लागत नाही. तरीही गन कव्हरमधूनच न्यावी आणि नळी रिकामी असल्याचे दाखवणारा सेफ्टी फ्लॅग तिच्यात ठेवावा.

जुनी गन घेताना लोक दस्त्याचा रंग पाहतात, पण पाहायची असते ती टाकीवर कोरलेली तारीख. या टाक्यांत २०० बारपर्यंत दाब असतो, आणि नामांकित जर्मन कंपन्या त्यांचे आयुष्य दहा वर्षे धरतात. आठ वर्षांची टाकी असलेली गन स्वस्त मिळाली तरी दोन वर्षांत नव्या टाकीचा खर्च अंगावर येणार, हे धरूनच भाव करावा. टाकीत फक्त कोरडी, स्वच्छ हवा भरावी. वेल्डिंगवाल्याकडचा ऑक्सिजन भरण्याचा विचारही करू नये. दाबाखालचा ऑक्सिजन आणि आतले तेल किंवा ग्रीस एकत्र आले की स्फोट होतो. हवा सावकाश भरावी, कारण घाईत भरलेली टाकी तापते आणि थंड झाल्यावर दाब उतरून भरणे अपुरे राहते.

सांगलीच्या एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या छताखाली जॅकेट घालून दुपारी सराव करण्यात अर्थ नाही. सकाळी साडेसहाला सुरुवात करून नऊच्या आत आटपावे. भरलेली गन उन्हात उभ्या गाडीत ठेवू नये. पावसाळ्यात, विशेषतः कृष्णेला पाणी वाढलेल्या दिवसांत, जॅकेटला बुरशी येते आणि साइटच्या स्क्रूंवर गंज धरतो. जॅकेट घडी न घालता हँगरला टांगावे. गनच्या पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि त्या पंधरा दिवसांनी बदलाव्यात.

बालेवाडीला सामना असला की मुले आदल्या रात्री साइट उघडून, स्वच्छ करून पुन्हा बसवतात. ते करू नये. शेवटच्या सरावातले साइटचे आकडे वहीत लिहावेत, गनला हात न लावता ती पेटीत ठेवावी आणि सामन्याआधीच्या पंधरा मिनिटांच्या तयारीच्या वेळात तिथल्या उजेडाप्रमाणे जो काही एक-दोन क्लिकचा फरक करायचा तो करावा.